पैसे २१५ मिलिमीटरचे, प्लेट २०० ची

गेल्या ऑक्टोबरात इंग्लंडातल्या ग्लॉसपहून स्नेक पास या घाटरस्त्याचा चढ चढताना माझ्या गाडीचा क्लच स्लिप व्हायला लागला. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळायचा, गाडी मात्र होती त्याच वेगात. मग जळका वास आला. लहानपणी पसरणी घाटात बाबांच्या पद्मिनीला यायचा, अगदी तोच.

गाडी १९९१ ची युनोस रोडस्टर, जपानहून इंग्लंडात आलेली. माझदा एमएक्स-५ चंच हे जपानी नाव. इंजिन १.६ लिटरचं. मँचेस्टरला आल्यावर पाच वर्षं पैसे साठवून घेतली, त्यामुळे तिच्यावर जीव आहे.

गॅरेजवाला बोलायला गोड. म्हणाला, “हिचा मूळ क्लच लहान पडतो. १.८ लिटरवाल्या गाडीचा मोठा टाकून देतो, फ्लायव्हीलसकट. दहा वर्षं बघायला नको.” फ्लायव्हील म्हणजे इंजिनाला जोडलेली जड चकती, क्लच प्लेट तिच्यावरच दाबली जाते. मला पटलं, कारण त्यात अर्धं खरं होतं. १.६ ची क्लच प्लेट २०० मिलिमीटरची असते आणि १.८ ची २१५ ची. मोठी बसवायची तर फ्लायव्हीलही १.८ चं लागतं. टर्बो लावलेल्या गाड्यांना लोक हे करतातही. पण माझ्यासारख्या साध्या इंजिनाची ताकद १२० हॉर्सपॉवरच्या आसपास, त्याला कंपनीच्या मापाचा चांगला क्लच पुरून उरतो. हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बिल ८४० पौंड. रोख दिले तर २० टक्के व्हॅट नाही, म्हणजे ७००. मी रोख दिले. पावती मिळाली नाही.

सहा आठवड्यांत गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथरायला लागली, रिव्हर्समध्ये तर दारं वाजायची. दुसऱ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने प्लेट बाकावर ठेवली, तिच्यावर स्टीलची पट्टी आडवी धरली आणि काही न बोलता माझ्याकडे सरकवली. २००. फ्लायव्हील माझंच जुनं, निळे जळके डाग असलेलं, मशिनवर घासूनसुद्धा घेतलेलं नव्हतं. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर काळा रंग मारला होता. नखाने खरवडला तर खाली गंजाचे खड्डे. पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग बोटांत फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरलं. म्हणजे कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा क्लच रंगवून माझ्या गाडीत घातला होता.

पहिल्या गॅरेजवाल्याने फोटो बघितले आणि विचारलं, “हे माझ्याकडचंच कशावरून?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा रोखीच्या व्यवहारालाही लागू होतो, पण कोणतं काम ठरलं होतं ते दाखवायला कागद लागतो. क्रेडिट कार्ड वापरलं असतं तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आलं असतं; १०० पौंडांवरच्या आणि ३०,००० पर्यंतच्या खरेदीला ते संरक्षण आहे. वाचवलेल्या १४० पौंडांपायी मी ते घालवलं.

म्हणून कळकळीने सांगतो, बिलावर नुसतं ‘क्लच किट’ चालवून घेऊ नका. उत्पादकाचं नाव, पार्ट नंबर आणि प्लेटचा व्यास लिहून घ्या. किट बसवण्याआधी खोक्यातून काढलेल्या स्थितीत बघा, पट्टी लावून फोटो काढा. जुने भाग परत मागा, ते तुमचेच असतात. फ्लायव्हील घासणार की बदलणार, हे आधी ठरवा आणि गिअरबॉक्स खाली आहे तोवर इंजिनाचं मागचं ऑइल सीलही बघून घ्या, कारण मजुरीचा मोठा वाटा गिअरबॉक्स उतरवण्याचाच असतो. आणखी एक: पेडल मऊ पडलंय, गिअर टाकताना खरखर होतेय, पण क्लच स्लिप होत नाही, असं असेल तर आधी पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर गळतोय का बघा. या गाड्यांत तो गिअरबॉक्सच्या बाहेर असतो, थोडक्या पैशांत बदलून होतो. त्यावरही अख्खा क्लच गळ्यात मारणारे आहेत.

आता गाडीत नवा, २०० मिलिमीटरचा साधा क्लच आहे. मँचेस्टर-शेफिल्डकडे कुणाची जुनी रोडस्टर क्लचच्या कामाला जाणार असेल तर आधी मला कळवा. शनिवार असेल तर पट्टी घेऊन मी स्वतः येईन.