ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर : लांबच्या रोडला गाडीत पाहिजेच

ज्यांची गाडी हायवेला कायम पळती त्यांनी हा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारं यंत्र, घ्याच. छोटी डबी असते, ऑनलाईन हजार रुपयाच्या आत मिळते, स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात खोचायची, चावी ऑन करायची आन् मोबाईलमधल्या ॲपला जोडायची. पिन बहुतेक १२३४ नाहीतर ००००. माझी डिझेल गाडी आहे, लातूर-नांदेड जाणंयेणं चालूच असतं.

मे महिन्यात अहमदपूर सोडून लोह्याकडं चाललो होतो, आई मागं बसलेली, आणि गाडीनं एकदम पिकअपच सोडला. इंजिनचा पिवळा लाईट लागला, ॲक्सिलेटर दाबला तरी गाडी वढंना, मागून ट्रकवाले हॉर्न वाजवायलेत. एका लिंबाखाली साईडला घेतली. आई म्हणायली, "टोचन करून घे रे बाबा, उन्हात कुठं खटपट करतोस." म्हणलं थांब जरा, आधी बघू तरी.

डबी लावली तर दोन कोड आले, पी०१०२ आणि पी०११३. पहिला एअर फ्लो सेन्सरचा, म्हणजे इंजिनात हवा किती चालली ते मोजणारा, त्याचा सिग्नल कमी येतोय. दुसरा त्याच हवेचं टेंपरेचर सांगणारा. मग ॲपमधला लाईव्ह डेटा उघडला तर आत जाणाऱ्या हवेचं टेंपरेचर उणे ४०! बाहेर पत्र्याला हात लावू देईना एवढं ऊन आणि गाडी उणे चाळीस दाखवायली. वायर तुटली किंवा कपलर, म्हणजे वायरीचा प्लग, निघाला की असा सगळ्यात खालचा आकडा येतो. त्यात माझ्या गाडीला हे दोन्ही सेन्सर एकाच कपलरवर आहेत, मग दोन्ही एकाच टायमाला कशाला मरतील, भानगड वायरीतच असणार. कूलंट नव्वदच्या आसपास, ऑईलचा लाल लाईट नाही, इंजिनचा लाईट पेटलेला पण लुकलुकत नव्हता, म्हणून टोचन न करता हळूहळू लोह्यापर्यंत चालवत नेली.

तिथल्या वायरिंगवाल्या भाऊंना मोबाईलवरचे कोड दाखवले, त्यांनी बोनेट उघडून कपलरच्या मागची टेप सोलली तर उंदरानं वायरी कुरतडलेल्या, आतली तांब्याची तार उघडी. जोड मारला, स्लीव्ह चढवली, कोड उडवला, उणे चाळीसचे झाले त्रेचाळीस, पिकअप परत आला. सेन्सरला हात लावावा लागला नाही.

हे मुद्दाम सांगायलोय कारण मागं एका मोठ्या वर्कशॉपात असाच कोड निघाला तर त्यांनी बोनेट न उघडताच सरळ सेन्सर बदला म्हणून हजारोंचं एस्टिमेट हातात दिलं होतं. अरे पण कोड म्हणजे या लाईनीत गडबड आहे एवढंच, त्यात सेन्सर असतो, कपलर असतो, वायर असती, अर्थिंग असतं. आधी ते बघा, मग पार्ट मागवा. गिऱ्हाईकाला स्वतःला कोड वाचता आला तर निदान चार प्रश्न तरी विचारता येतात.

कमी काय ते पण सांगतो. हे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक पी अक्षराचे, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचेच कोड वाचतात. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आणि एअरबॅगचं त्यांना कळत नाही. पावसाळ्यात शेतातल्या रस्त्यानं काळ्या मातीचा चिखल चाकात बसला की एबीएसचा लाईट लागतो, तिथं ही डबी कामाची नाही, चाकाजवळचा सेन्सर धुवून बघा, नाहीच गेला तर मोठ्या स्कॅनरवाल्याकडं जा. ऑईलचा लाल लाईट लागला किंवा टेंपरेचर चढायला लागलं तर स्कॅनर शोधत बसू नका, गाडी लगेच बंद करा. इंजिनचा लाईट लुकलुकत असला तरी पुढं दामटू नका, मिसफायर असतं, म्हणजे इंजिनात इंधन नीट जळत नाही, आणि सायलेन्सरमधल्या कॅटची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, वाट लागते.

अजून एक, कोड लगेच उडवायचा नाही. आधी स्क्रीनशॉट काढा, फ्रीज फ्रेम म्हणून डेटा असतो, फॉल्ट आला तेव्हा स्पीड किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम होतं ते त्यात सापडतं आणि कोड उडवला की ते पण जातं. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असंल तर डबी काढून ठेवा, बॅटरी खाती.

माझ्याकडून पाचपैकी चार. आयफोनवाल्यांनी घेताना बघून घ्या, साधा ब्लूटूथवाला जोडत नाही, बीएलई (कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ) किंवा वायफायवाला लागतो, आणि वायफायवाला लावला की बऱ्याचदा मोबाईलचं नेट चालत नाही, म्हणून कोडचा अर्थ ॲपमध्येच दाखवणारं ॲप घरूनच टाकून निघा.