बँकॉक की हनोई? पहिल्या दिवसाचा हिशोब

दोन मैत्रिणी फेब्रुवारीत बॅग पाठीला लावून निघतायत, आणि आधी कुठे उतरू म्हणून विचारतायत. मी दोन्हीकडे गेलोय, दोन्हीकडे पहिला दिवस न झोपता काढलाय, म्हणून सांगतो.

मुंबईहून रात्रीची फ्लाइट घेतली की पहाटे-सकाळी पोचता, घड्याळ दोन्हीकडे आपल्या दीड तास पुढे, आणि हॉस्टेलची रूम मिळते साधारण दुपारी दोनला. तोवर बॅग रिसेप्शनला टाकून अर्धवट झोपेत भटकायचं, हाच तुमचा पहिला दिवस. त्यामुळे यादीत कुठे किती बघायला आहे त्यापेक्षा तुमचे पाय किती चालतील हे बघा.

बँकॉक अवाढव्य आहे. बॅकपॅकर लोक खाओ सान रोडला राहतात (मी म्हणेन मागच्या रामबुत्रीला राहा, रात्री जरा झोप लागते), पण तिथवर मेट्रो किंवा स्कायट्रेन काहीच जात नाही. सुवर्णभूमी विमानतळाहून एस१ बस आहे, दुसऱ्या डॉन म्युआंग विमानतळाहून ए४, पण ट्रॅफिकमध्ये अडकलात की बसा बोंबलत. त्यावर उपाय नदी. फ्रा आथित धक्क्यावरून केशरी झेंड्याची बोट पकडायची, वारा खात था तियनला उतरायचं, समोर वाट फो ('वाट' म्हणजे देऊळ) आणि त्यातला ४६ मीटर लांब निजलेला बुद्ध, मग पलीकडे फेरीने वाट अरुण, एवढं पहिल्या दिवसाला भरपूर झालं. ग्रँड पॅलेस दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवा, तिकीट ५०० बाथ आहे आणि न झोपता उन्हात त्या गर्दीत जाणं म्हणजे पैसे पाण्यात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. आणि बाहेर कुणी गोड बोलून "आज पॅलेस बंद आहे, चला स्वस्तात टुकटुकने फिरवतो" म्हणाला तर हसून पुढे चालायला लागा, ती टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानात जाते.

हनोईचं गणित उलटं. नोई बाई विमानतळाहून ८६ नंबरची बस थेट जुन्या वस्तीत सोडते आणि तिथून पुढे सगळं पायी. गल्ल्यांची नावं धंद्यावरून, हांग बाक चांदीची, हांग थिएक पत्र्याची, तिथे अजून ठोकाठोक चालू असते, पुण्याच्या तांबट आळीची आठवण येते. होआन किएम तळ्याला एक फेरी, लाल पुलावरून न्गोक सोनचं देऊळ, मग अंड्याची कॉफी (नाक मुरडू नका, कॉफीवर गोड साय असल्यासारखं लागतं), संध्याकाळी ता हिएन गल्लीत छोट्या प्लास्टिकच्या स्टुलावर बिया होई, म्हणजे तिथली ताजी बिअर. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार असाल तर तळ्याभोवती गाड्या बंद असतात, तो वीकेंड साधाच. बाकीच्या दिवशी रस्ता ओलांडणं हीच परीक्षा, स्कूटर थांबत नाहीत, तुम्ही संथ चालत राहायचं, मध्येच पळायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही.

पैशांचं मात्र डोकं फिरतं. थायलंडचा बाथ सोपा. व्हिएतनामच्या डाँगमध्ये तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला तीनाने गुणा, थोडे वर धरा, झाले रुपये. २०,००० आणि ५,००,००० ची नोट, दोन्ही निळ्या. मी पाववालीला वीस हजार समजून पाच लाखांची दिली, बाईने आधी नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसत परत केली. प्रत्येक जण करेलच असं नाही, मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो, २५ डॉलर, आठवडाभर तरी आधी करा. थायलंडचे नियम सारखे बदलतात, तिकिटाआधी बघून घ्या.

तुमच्यातली एक शाकाहारी आहे ना? दोन्हीकडे मासळीचा सॉस कशात घातलाय कळत नाही, पण बँकॉकमध्ये पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात 'जे' (थाई लिपीत เจ) शोधा, त्यात मांसमच्छी तर नसतेच, लसूण-कांदाही नसतो. हनोईत शाकाहारीला शब्द आहे 'चाय' (chay), पाटीवर तो दिसला की आत शिरा.

माझं विचाराल तर आधी हनोई. पण फेब्रुवारीत तिथे ढग, भुरभुर पाऊस आणि बऱ्यापैकी गारठा असतो, एक जॅकेट घ्या. पहिलाच परदेश असेल आणि घरचे काळजीत असतील तर आधी बँकॉक, फक्त पहिल्या दिवशी नदी सोडून लांब जाऊ नका.