मायएसक्यूएल सोडून मारियाडीबी, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

वाचनालयांसाठी सभासद आणि पुस्तकांच्या देवघेवीचं आमचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतलं. त्याचा डेटाबेस यंदा मायएसक्यूएल ८ वरून मारियाडीबी ११.४ वर नेला आणि तेव्हापासून रोज चालतोय, म्हणून लिहितोय. वेगात मला तरी काही फरक जाणवला नाही, एवढ्याशा डेटाला दोन्ही मस्त. मी हललो ते मालकीमुळे.

मायएसक्यूएल मूळ स्वीडनमधली कंपनी. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीने ती साधारण १ अब्ज डॉलरला घेतली, आणि पुढच्याच वर्षी ओरॅकलने अख्खी सनच ७.४ अब्जांना घ्यायचं जाहीर केलं, म्हणजे ज्यांचा धंदाच महागडा डेटाबेस विकायचा त्यांच्याच हातात हा फुकटचा डेटाबेस आला! कंपनी विकताना गिऱ्हाईक कोण ते बघता येतं, पण तो पुढे कुणाला विकेल ते हातात राहत नाही ना. युरोपियन कमिशनने चौकशी लावली, ओरॅकलने आश्वासनं दिली पण ती ५ वर्षांपुरती, आणि जानेवारी २०१० मध्ये व्यवहार पक्का झाला. मूळ कर्त्यांपैकी मॉन्टी विडेनियसने त्याआधीच तोच कोड घेऊन मारियाडीबी सुरू केलं होतं (माय आणि मारिया या त्याच्या मुली). हे जमलं कारण कोड जीपीएल लायसन्सखाली होता, म्हणजे तो कुणीही घेऊन, बदलून त्याच अटींवर पुढे वाटू शकतो, नाव आणि कॉपीराइट विकले गेले तरी कोड सगळ्यांचाच राहिला.

ओरॅकलने मायएसक्यूएल मारून टाकलं असं मात्र अजिबात म्हणणार नाही, २०१८ चं ८.० खरंच चांगलं होतं. आणि मारियाडीबीची कंपनीसुद्धा २०२४ मध्ये के-वन नावाच्या गुंतवणूक फर्मने विकत घेतलीच की. मग भरवसा कशावर? तर २०१२ पासून कंपनीपासून वेगळं असलेल्या मारियाडीबी फाउंडेशन या ना-नफा संस्थेवर, आणि परत त्याच जीपीएलवर. मला एवढं पुरतं.

आता कामाचं. पीएचपीच्या कोडमध्ये आम्हाला काही बदलावं लागलं नाही, पोर्टही तोच ३३०६. मराठी नावं, शीर्षकं सगळं नीट आलं. जेसनचे (नाव-किंमत अशा जोड्यांत माहिती लिहायची पद्धत) कॉलम मारियाडीबीत आतून साधा लाँगटेक्स्टच, म्हणजे लांब मजकुराचे कॉलम असतात, त्यामुळे त्यावर जास्त क्वेऱ्या असतील तर आधी टेस्ट सर्व्हरवर चालवून बघा. मायएसक्यूएल ८ च्या डंपमधलं (डेटाबेसची फाइलमध्ये काढलेली प्रत) ०९०० वालं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) मारियाडीबीच्या जुन्या व्हर्जनना ओळखता येत नाही, तिथे फाइलमध्ये फाइंड-रिप्लेस करून युनिकोडचं साधं कोलेशन टाकायचं, झालं. आणि डेटाचा फोल्डर जसाच्या तसा उचलून टाकू नका प्लीज, ८.० पासून आतला फॉरमॅट जुळत नाही, डंप काढूनच रिस्टोर करा आणि जुना सर्व्हर निदान महिनाभर तरी पुसू नका.