वेलिगामा की कुटा: सर्फिंग शिकायला कुठे जावं?

दोन्हीकडे तळाला वाळू, म्हणजे पडलं तरी खडकाची भीती कमी. मग निवड करायची ती आधी महिन्यावरून. श्रीलंकेतलं वेलिगामा नोव्हेंबर ते एप्रिल. बालीतलं कुटा एप्रिल ते ऑक्टोबर. तेव्हा आग्नेयेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाट नीट उभी राहते. ऐन पावसाळ्यात, डिसेंबर-फेब्रुवारीत, कुटा नकोच. प्लास्टिकचा नुसता खच असतो.

वेलिगामाची खाडी अर्धगोल, त्यामुळे लाट आत येईस्तोवर मवाळ होते आणि फेस लांबवर ढकलत नेतो. भरती-ओहोटीचं फारसं बघावं लागत नाही. कुट्याला बघावंच लागतं. ओहोटीला तिथली लाट एका दमात आडवी कोसळते, बोर्डचं नाक पाण्यात घुसतं आणि माणूस डोक्यावरून पुढे. भरती अर्धी झाली की उतरा. तिथे समुद्राकडे नेणारी ओढही जास्त, लाल झेंडा असेल तर किनाऱ्यावरच बसा.

बोर्ड दोन्हीकडे आठ-नऊ फुटी, फोमचाच (छोटा बोर्ड फोटोपुरता बरा). लीश, म्हणजे बोर्ड पायाशी बांधून ठेवणारी दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला. नाक घुसत असेल तर छाती चार बोटं मागे घ्या. शेपूट बुडून लाट निसटत असेल तर पुढे सरका.

पहिल्यांदा उभं राहायचं असेल तर आमचं मत वेलिगामाला. त्रास एकच, गर्दी. सुटे बोर्ड डोक्यात बसतात, म्हणून पडल्यावर वर येताना दोन्ही हात डोक्यावर हवेत.