चळवळीची वेबसाइट: गूगल साइट्स, वर्डप्रेस की नुसतं फेसबुक पान?

झाडाच्या बुंध्यावर महापालिकेची तोडणीची नोटीस लागते. हरकत घ्यायला मुदत बहुधा सात दिवसांची. त्यातले दोन दिवस नोटीस कोणाच्या नजरेला पडेपर्यंतच जातात. उरलेल्या दिवसांत गल्लीतल्या माणसाला मोबाइलवर तीन गोष्टी मिळायला हव्यात: नोटिशीचा वाचता येईल असा फोटो, हरकतपत्राचा मसुदा, आणि ते पत्र कुठे, किती वाजेपर्यंत द्यायचं. टेकडी, नदी, झाडं, फुटपाथ, कशासाठीही झगडणाऱ्या गटाने मला वेबसाइटबद्दल विचारलं की मी प्रत्येक पर्याय याच कसोटीवर घासून बघते.

"लोक फेसबुक-व्हॉट्सॲपवरच आहेत, मग वेगळी साइट कशाला?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो रास्त आहे. उद्या सकाळी माणसं जमवायची तर व्हॉट्सॲपसारखं साधन नाही. एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. पण माहिती अधिकारात मिळालेलं तीन महिन्यांपूर्वीचं उत्तर कोणी मागितलं, की अर्धा तास बोटाने वर सरकवत बसायचं. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं, तेव्हापासून पानावरचा मजकूर पान 'लाइक' केलेल्यांपर्यंतही पोचेल याची खात्री उरली नाही. शिवाय बातमीदार किंवा वकील तुमच्या ग्रुपमध्ये नसतो, तो गूगलवर शोधतो. तेव्हा हाक मारायला व्हॉट्सॲप ठेवा, कागद ठेवायला साइट हवीच.

आता खरी निवड. गूगल साइट्स हे गूगलचं साइट बनवायचं साधन फुकट आहे, होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने जागा घ्यायची, भानगड नाही, आणि ज्याला गूगल डॉक जमतो त्याला हेही जमतं. संपादनाचा हक्क चार-पाच जणांना देता येतो. ड्राइव्हमधली पीडीएफ, नकाशा, फॉर्म थेट पानात बसतात. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेला मी एका संध्याकाळी हे दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी नोटिशीचा फोटो स्वतः चढवला होता. आडवा आला म्हणून काढून, सरळ करून पुन्हा चढवला, आणि खाली मुदतीची तारीख ठळक केली. मला फोनसुद्धा केला नाही. चळवळीच्या साइटला यापेक्षा मोठा गुण मला माहीत नाही.

उणिवाही आहेत. बातम्या तारखेप्रमाणे आपोआप लागत नाहीत, कागद शंभरावर गेले की पानं लांबत जातात, आणि उद्या दुसरीकडे हलायचं तर बहुतेक सगळं नव्याने मांडावं लागतं. तारीखवार नोंदीच जास्त असतील तर गूगलचाच ब्लॉगर बघा, तोही फुकट आहे.

वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, मुक्त स्रोत म्हणजे कोणालाही वापरता-बदलता येणारं आहे, आणि जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी दोन तरी त्यावर चालतात. वॉर्ड, विषय, तारीख अशी वर्गवारी करता येते, शोध नीट चालतो, लिहिण्याची खिडकी मराठीत मिळते, आणि मजकूर उतरवून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येतो. ज्या लढ्याचे कागद दहा वर्षं साठणार आहेत, न्यायालयात लागणार आहेत, त्याला हेच घर शोभतं. पण ते झाडावं लागतं. होस्टिंग पहिल्या वर्षी स्वस्त आणि नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट पडतं, आणि प्लगिन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, अपडेट न करता तसेच पडून राहिले तर हॅक व्हायला निमित्त लागत नाही. महिन्याला एक संध्याकाळ नक्की देणारी दोन माणसं असतील तरच वर्डप्रेस घ्या. एकच उत्साही मुलगा असेल तर घेऊ नका. त्याची नोकरी बंगळुरूला लागली की साइटही गेली.

यापैकी काहीही निवडा, पण आधी डोमेन, म्हणजे साइटचा विकत घेतलेला पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं एका विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या ईमेलवर घेतलं होतं. तो पास होऊन गेला, तो ईमेल बंद झाला, नूतनीकरणाची सूचना कोणालाच आली नाही. सुनावणीच्या आठवड्यात पत्ता बंद पडला आणि चौकातल्या फ्लेक्सवर मात्र तोच छापलेला होता. तेव्हापासून समितीचा एकच ईमेल, पासवर्ड तिघांकडे, आणि नूतनीकरण एकदम तीन वर्षांचं. वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपये लागतात, वर्गणीतून निघतात. शेवटी डॉट ऑर्ग असलेलं डोमेन कोणालाही मिळतं, त्याला नोंदणीकृत संस्था लागत नाही. आणि त्या ईमेलमध्ये अधूनमधून लॉगिन करत राहा: दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल काढून टाकू शकतं, मग त्यावरची साइटही जाते.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर उमटतो तसाच, टाइप करा. छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला तर पानावर अगम्य अक्षरं उमटतात, आणि नुसता स्कॅन चढवला तर शोधणाऱ्याला तो सापडेलच असं नाही. स्कॅनच्या वर चार ओळी तरी लिहा: कुठलं झाड, कुठला वॉर्ड, शेवटची तारीख काय.

सह्यांचा गूगल फॉर्म लावणार असाल तर उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दिसत नाही ना, आणि उत्तरं जमा होतात ती शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी नाही ना, हे दुसऱ्याच्या फोनवरून तपासा. सही करणाऱ्या बाईचा नंबर बिल्डरच्या माणसाच्या हाती लागला, तर पुढच्या वेळी ती सही करणार नाही आणि तिला दोष देता येणार नाही. देणगीसाठी कोणाचा वैयक्तिक क्यूआर कोड साइटवर लावू नका. परदेशी माणसाकडून किंवा संस्थेकडून मदत येत असेल तर एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही.

नुकताच जमलेला गट असेल तर माझं मत सरळ आहे: या आठवड्यात समितीच्या ईमेलवर डोमेन घ्या, ते गूगल साइट्सला जोडा आणि तीनच पानं करा. एक सध्याच्या हरकतीचं, एक कागदपत्रांचं, एक संपर्काचं. कागद वाढले, माणसं टिकली, की वर्डप्रेसवर जा. डोमेन तुमचंच असल्यामुळे फ्लेक्सवरचा पत्ता तोच राहील.