नंबर शंभरचा, पोट एकशे पस्तीसचं: जुनी आरएक्स घेताना होणारी फसवणूक

एमएच-३१ (नागपूर) पासिंगची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल, टाकीवर ताजा लाल रंग, आरसीत क्षमता ९८ सीसी. मे महिन्यातल्या भर दुपारी कामठी रोडवर तिचं इंजिन जाम झालं आणि मागचं चाक घासत गेलं. गाडी घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते. घेणाऱ्याने लाखाच्या वर रक्कम मोजली होती. विकणाऱ्याचा शब्द होता, "ओरिजिनल शंभर आहे, इंजिनला पाना लागलेला नाही." पुरावा म्हणून त्याने क्रँककेसवरचा (क्रँक आणि गिअर सामावणाऱ्या इंजिनच्या खालच्या पेटीवरचा) नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवून दाखवला होता.

इंजिन उघडल्यावर निघालं ते असं. हेड आणि ब्लॉक (सिलिंडर) आरएक्स १३५ चे. क्रँककेसची नंबरवाली बाजू शंभरची, दुसरी बाजू वेगळ्याच गाडीची. म्हणजे नंबर खरा होता आणि त्याला चिकटलेलं अर्धं इंजिन परकं होतं. नागपुरात जुन्या आरएक्सचा शौक मोठा आहे, म्हणून हा प्रकार नीट उलगडून सांगणं गरजेचं वाटतं.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. तिचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिमी, क्षमता ९८ सीसी. नंतर आलेल्या आरएक्सजी आणि आरएक्स १३५ चा बोअर ५८ मिमी, पण स्ट्रोक तोच ५० मिमी, क्षमता १३२ सीसी. स्ट्रोक सारखा असल्यामुळेच ही अदलाबदल जमते. शंभरचा ब्लॉक आता चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण, जो मिळतो तो बहुतेक शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत मारलेला, म्हणजे झिजल्यावर आतून जितका मोठा करता येतो तितका केलेला. १३५ चा ब्लॉक त्या मानाने सहज मिळतो. भाव मात्र "शंभर" या नावाला. मग नंबराची बाजू ठेवायची, बाकी जे हाती लागेल ते बसवायचं आणि वरून रंग मारायचा.

इथे एक चलाखी आवर्जून सांगायला हवी, कारण तिला जाणकारही फसतात. विकणारा स्वतःच प्लग काढतो, भोकातून स्पोकची तार सोडतो, किक हळू दाबतो, तारेवर वर-खाली दोन खुणा करतो आणि पट्टी लावून दाखवतो: पन्नास. घेणाऱ्याचं समाधान होतं. पण पन्नास तर दोन्ही इंजिनांत येणारच, तो स्ट्रोक आहे. फरक बोअरमध्ये आहे आणि बोअर हेड उतरवल्याशिवाय दिसत नाही.

१३५ चा ब्लॉक शंभरच्या क्रँककेसवर जसाच्या तसा बसत नाही. ब्लॉकच्या स्लीव्हचा खाली उतरणारा भाग जाड असतो, त्यामुळे क्रँककेसचं तोंड मोठं करावं लागतं. हे काम दोन्ही बाजू जोडून, नटबोल्ट कसून, क्रँक आणि बेअरिंग बाहेर काढून मशीनवर केलं तर नीट होतं. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला असं काम करून देणारे लेथवाले आहेत. पण वेळ आणि पैसा वाचवायला बरेचदा क्रँक आत असतानाच कानशीने तोंड घासलं जातं. ॲल्युमिनियमचा बुरा थेट खाली पडतो आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या तोंडाच्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतो. या गाडीत तसंच झालं होतं. बेअरिंगच्या सुयांवर चकाकणारे बारीक कण होते आणि रॉड वर-खाली हलवला की हाताला कट् असा धक्का जाणवत होता. रॉडला आडवी थोडी हालचाल असणं ठीक आहे, उभी अजिबात नको.

त्याहून वाईट होता तो दोन बाजूंचा जोड. क्रँककेसच्या दोन्ही बाजू कारखान्यात जोडीने मशीन होतात आणि जोडीनेच वापरायच्या असतात. बाजू बदलली की क्रँकच्या बेअरिंगची सरळ रेषा बिघडू शकते, गिअर जड पडतात आणि ब्लॉक ज्या पृष्ठभागावर बसतो तिथे जोडावर पायरी तयार होते. या इंजिनात ती पायरी नखाला स्पष्ट अडकत होती. एका बाजूचं तोंड कारखान्याचं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूचं कानशीच्या आडव्या रेघांचं. पायरी झाकायला पॅकिंगच्या दोन्ही अंगांना सिलिकॉन थापलेलं, त्याचा एक काळा तुकडा ट्रान्सफर पोर्टमध्ये (मिश्रण क्रँककेसमधून वर नेणाऱ्या वाटेत) लोंबत होता.

जाम होण्याचं मूळ तिथेच. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं. पिस्टन वर जाताना आत पोकळी तयार होते आणि ब्लॉकखालच्या फटीतून फुकटची हवा ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो, तेलाचा थर तुटतो. पारा ४५ च्या आसपास असताना हायवेवर सलग थ्रॉटल उघडा ठेवला की हे मिनिटांत घडतं. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते, प्लगचं टोक पांढरं पडलेलं. असं झालं की पहिला दोष बहुतेक मिस्त्री जेटला (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्राला) देतात आणि मोठा जेट टाकून मोकळे होतात. फट तशीच राहते आणि नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड हवं, हे आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर आधी सायलेन्सरच्या नळीला हात जवळ नेऊन बघा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या, कारण गरम इंजिनात पिस्टनचा आवाज दबतो. किक जड लागते यावर विसंबू नका, प्लगच्या भोकातून तेल सोडलं की झिजलेल्या इंजिनाचीही किक जड होते. मग गिअर मोजा: शंभरला चार. पाचवा पडला तर गिअरबॉक्स नंतरच्या गाडीचा. ब्लॉकखालच्या पॅकिंगची कड टॉर्च लावून बघा. बाहेर आलेलं सिलिकॉन दिसलं तर विकणाऱ्याला कारण विचारा. इंजिन मंद चालू असताना त्या कडेवर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा. (इंजिन नुकतंच सुरू केलेलं हवं, तापलेलं नको, प्लगची टोपी घट्ट हवी.) आवाज लगेच बदलला तर हवा आत जाते आहे. सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइलचा वास येत असेल तर क्लचच्या बाजूचं ऑइल सील गेलेलं आहे. ते बदलता येतं, त्याने घाबरू नका, भावात धरा.

आणि हेड उतरवून घ्याच. चार नट, पंधरा-वीस मिनिटांचं काम, नव्या हेड पॅकिंगचा खर्च तुम्ही द्या. व्हर्नियर कॅलिपरने बोअर मोजा. ५०.०० ते ५१.०० च्या आत आला तर शंभरचा ब्लॉक, ५१ च्या जवळ असेल तर ओव्हरसाइज संपत आलेली. ५८ च्या पुढे आला तर १३५ चा. लाखाचा सौदा करणारा माणूस चार नट सोडू देत नसेल तर तो सौदा सोडा.

१३५ चा ब्लॉक बसवणं हा स्वतःमध्ये दोष नाही. नीट मशीन केलेली, एकाच जोडीच्या क्रँककेसवरची अशी गाडी छान पळते. ते लपवून शंभरचा भाव घेणं ही फसवणूक आहे. शिवाय आरसीवर ९८ सीसी आणि आत १३२, ही तफावत शेवटी घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल वाहनात करायला मनाई आहे. या गाड्यांची पंधरा वर्षं कधीच उलटली आहेत, त्यामुळे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी तपासणीत उभी राहते.

सौदा ठरला तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेण्याआधी स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या: इंजिन नंबर, चेसिस नंबर, हेड उतरवून मोजलेला बोअर, गिअरची संख्या, क्रँककेस कधी उघडली आणि कोणते भाग बदलले. पैसे बँकेतून द्या, विकणाऱ्याचे "ओरिजिनल" म्हणणारे मेसेज पुसू नका. खोटं सांगून पैसे घेतल्याची तक्रार पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली करता येते. गॅरेजने पैसे घेऊन चुकीचं काम केलं असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. दोन्ही ठिकाणी उघडलेल्या इंजिनाचे फोटो लागतात. म्हणून जाम झालेलं इंजिन दुरुस्तीला टाकण्याआधी ब्लॉकवर व्हर्नियर धरलेला, जोडावरची पायरी आणि नंबर दिसणारा, असे तीन फोटो दिवसाच्या उजेडात काढून ठेवा आणि काढलेला पिस्टन भंगारात देऊ नका.