दहा एकरांचा इसार

गेल्या वर्षी टेक्सासमध्ये शेतजमीन घ्यायला गेलो आणि 15 हजार डॉलर घालवून बसलो. लाज वाटत होती म्हणून इतके दिवस कुणाला बोललो नाही. पण ऑस्टिनमधली आपली चार-पाच मराठी कुटुंबं सध्या फ्रेडरिक्सबर्गच्या बाजूला जागा शोधताहेत असं कानावर आलं, तेव्हा गप्प बसवेना.

मी माण तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. आमचे आण्णा जमिनीचा व्यवहार ठरवताना सातबारा बघायचेच, पण त्यावर थांबायचे नाहीत. बांधावरून चारी बाजूंनी चालायचे आणि मग शेजारच्या वस्तीवर जाऊन ओसरीवर बसून पाणी प्यायचे. म्हणायचे, "कागद बोलत नाही ते शेजारी बोलतो." हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालेलं. तरी मी अमेरिकेत ते केलं नाही. इथं सगळं ऑनलाइन दिसतं, इथं कोण फसवतंय, असं मनात धरून चाललो होतो.

जाहिरात फ्रेडरिक्सबर्गच्या उत्तरेच्या दहा एकरांची होती. फोटोत एक वाकलेला ओक, त्यामागे पात्या मोडलेली पवनचक्की आणि दगडांवर दगड रचून केलेलं जुनं कुंपण. विकणारा माणूस फोनवर अतिशय गोड बोलायचा. म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, शुक्रवारपर्यंत इसार द्या. टायटल कंपनीकडे (जमिनीची मालकी तपासून व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणारी त्रयस्थ कंपनी) पैसे ठेवले तर वेळ जाईल आणि खर्चही वाढेल, त्यापेक्षा थेट आमच्या खात्यावर पाठवा. मी पाठवले. करारनामा अकरा पानांचा होता. नवव्या पानावर एक ओळ होती, की विक्रेता जमीन विकत नसून मालकाशी झालेल्या करारातला आपला हक्क हस्तांतरित करतो आहे. मी ती वाचली होती. वकिली भाषा म्हणून पुढं गेलो.

दोन आठवडे झाले तरी मोजणीची तारीख मिळेना. मग शनिवारी गाडी काढली आणि तिथं गेलो. फाटकाला साखळी होती. त्या साखळीत एकात एक अडकवलेली चार कुलुपं, म्हणजे आत जायचा हक्क चार वेगवेगळ्या लोकांना. माझ्या कराराच्या कागदावर रस्त्याबद्दल अक्षरही नव्हतं. मी उभा राहिलो तेवढ्यात पलीकडून ऐंशीच्या पुढच्या एक आजी जुनी ट्रक चालवत आल्या. जमीन त्यांचीच होती. त्या माणसाशी त्यांनी करार केला होता, खरं आहे. पण त्याची मुदत फेब्रुवारीतच संपलेली, आणि त्यांनी ती वाढवून दिली नव्हती. माझे पैसे त्यानं मे महिन्यात घेतले होते.

आजींनी मला घरात नेलं, पाणी दिलं. भिंतीवर काचेत लावलेला एक जर्मन कागद होता. "आमच्या पणजोबांच्या वडिलांचा," त्या म्हणाल्या. "त्यांनाही असंच विकलं होतं." त्या दिवशी मला त्याचा अर्थ नीट कळला नाही. नंतर वाचनालयात बसून वाचलं, तेव्हा अंगावर काटा आला.

1842 मध्ये काही जर्मन सरदार-उमरावांनी टेक्सासमध्ये वसाहत करण्यासाठी एक मंडळ काढलं. त्याला लोक आडेल्सफेराइन म्हणत. एकट्या पुरुषानं 300 गुल्डन (तेव्हाचं जर्मन नाणं) भरायचे, कुटुंबवाल्यानं 600. बदल्यात प्रवास, लाकडी घर, पेरणीची सोय आणि जमीन; एकट्याला 160 एकर, कुटुंबाला 320. जर्मनीत ज्याच्या वाट्याला बापाच्या शेताचा तुकड्यातला तुकडा येत होता, त्या शेतकऱ्याला 320 एकर म्हणजे काय वाटलं असेल ते आपल्याला सांगावं लागत नाही. 1844 ते 1847 या काळात सात हजारांहून जास्त माणसं निघाली.

पण मंडळाकडं जमीन नव्हतीच. आधी त्यांनी एका फ्रेंच माणसाकडून वसाहतीचा हक्क घेतला, त्याची मुदत संपलेली निघाली. मग 1844 मध्येच फिशर आणि मिलर या दोघांच्या कराराचा हक्क घेतला: ल्यानो आणि कोलोरॅडो नद्यांमधला 30 लाख एकरांहून मोठा पट्टा. हा करारसुद्धा मालकीचा नव्हता, ठरलेल्या मुदतीत माणसं वसवली तर जमीन मिळेल एवढंच त्यात होतं. मंडळातल्या कुणीही तो मुलूख आधी पाहिला नव्हता. आणि तिथं कोमांची हे मूळ रहिवासी लोक राहत होते. ज्यांची भूमी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. हे मला सगळ्यात जास्त टोचलं, कारण मीसुद्धा त्या आजींना विचारलं नव्हतं.

शेतकऱ्यांचे हाल किनाऱ्यापासूनच सुरू झाले. इंडियानोला बंदरावर, त्याला तेव्हा कार्ल्सहाफेन म्हणत, 1846 मध्ये हजारो माणसं वाळूत अडकून पडली. मेक्सिकोशी युद्ध लागलं आणि गाडीवाले सैन्याच्या कामाला निघून गेले. डोक्यावर छप्पर नाही, प्यायला चांगलं पाणी नाही. शेकडो माणसं रोगानं गेली. आजींच्या पूर्वजांची दोन मुलं तिथंच गेली, त्यांच्या कबरी कुठं आहेत ते आता कुणाला ठाऊक नाही. बाकीचे पायी निघाले.

न्यू ब्राउनफेल्स हे गाव 1845 च्या मार्चमध्ये वसलं, कारण करारातल्या जमिनीपर्यंत पोचणंच अवघड होतं आणि वाटेत थांबायला जागा हवी होती. फ्रेडरिक्सबर्ग 1846 च्या मे महिन्यात वसलं. पहिल्या तुकडीत 120 माणसं होती आणि न्यू ब्राउनफेल्सहून तिथं यायला बैलगाड्यांना सोळा दिवस लागले. ती जागाही कराराच्या हद्दीत नव्हती, मंडळाच्या मॉयसेबाख नावाच्या अधिकाऱ्यानं ती उधारीवर वेगळी घेतली होती. 320 एकर सांगून आणलेल्या शेतकऱ्याच्या हातात पडलं काय, तर गावात घरापुरती जागा आणि बाहेर दहा एकर.

दहा एकर. आजींनी मला तो आकडा सांगितला तेव्हा माझ्या पिशवीतल्या करारावरही दहाच होते.

त्या दहा एकरांत फूट-दीड फुटावर चुनखडीचा दगड लागतो. नांगराला लागलेला तोच दगड उचलून त्यांनी चुन्याशिवाय कुंपणं रचली, फोटोत मी पाहिलं ते त्यांतलंच. मका लावला. 1847 मध्ये मॉयसेबाख स्वतः कोमांची सरदारांना भेटायला गेला आणि त्यांच्याशी तह झाला, म्हणून ही माणसं जगली. तोवर मंडळ कर्जात बुडालेलं होतं. पुढं शेतं लांबवर पसरली, तेव्हा शनिवारी सामान घ्यायला आणि रविवारी चर्चला येणाऱ्या शेतकऱ्यांनी गावात एकेका खोलीची छोटी घरं बांधली. 'संडे हाउस' म्हणून ती आजही दाखवतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात. मला मात्र त्या खोल्या बघताना सारखं वाटत होतं की ही माणसं टिकली ती स्वतःच्या कष्टानं, त्यांना आणणाऱ्यांच्या वचनानं नाही.

माझं पुढं काय झालं ते थोडक्यात. शेरिफच्या कचेरीत म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. जस्टिस कोर्टात, म्हणजे लहान दाव्यांच्या स्थानिक कोर्टात, 20 हजार डॉलरपर्यंतचे दावे चालतात, तिथं मी दावा लावला. निकाल माझ्या बाजूनं लागला. पण ज्या कंपनीच्या नावावर पैसे घेतले होते तिच्या खात्यात काहीच उरलेलं नव्हतं. निकालाचा कागद माझ्याकडं आहे, पैसे नाहीत.

जे मी केलं नाही ते सांगतो. काउंटी क्लार्कच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचे जमिनीचे दस्त सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत जमीन कुणाच्या नावावर आहे ते पाहता येतं. मी तिथं गेलो तेव्हा दहा मिनिटांत आजींचं नाव समोर आलं, फक्त मी पैसे दिल्यानंतर गेलो. इसार टायटल कंपनीकडंच ठेवायचा, आणि तिथं नको म्हणणाऱ्याशी बोलणं तिथंच थांबवायचं. 'हक्क हस्तांतरित' असे शब्द दिसले की समोरच्याकडं मालकी नाही असं समजा, आणि खऱ्या मालकाशी बोलल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. रस्त्याचा हक्क लेखी हवा. फाटकावरची कुलुपं मोजा आणि ती कुणाकुणाची आहेत ते विचारा.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, फोन नंबर दुसरा, या वेळी जागा ल्यानो काउंटीतली म्हणून लिहिली आहे. फोटो तोच आहे: डावीकडं वाकलेला ओक, त्यामागे पात्या मोडलेली पवनचक्की आणि खाली त्या आजींच्या घराण्यानं रचलेलं दगडी कुंपण.